पांडवकडा लांबून तरी दाखवा

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य



खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात जाण्यास बंदी असते. ती का, हे आम्हा खारघरकरांना कुणी समजावून सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चार विद्यार्थिनी तिथल्या प्रवाहात वाहून गेल्या. डोंगरमाथ्यावर जोराची सर आली की ते सगळे पाणी बघता बघता ओढ्यात उतरते. खाली उभ्या माणसाच्या अंगावर थेंबही पडलेला नसतो आणि घोट्याएवढे पाणी कमरेला लागते. म्हणून धबधब्याखाली लोकांना सोडा, असे मी मुळीच म्हणणार नाही. १०७ मीटरवरून कोसळणारे ते पाणी सुरक्षित अंतरावरून पाहता येईल अशी एक नीट जागा करा, एवढेच माझे मागणे आहे.

गेल्या जुलैत माझी मावशी लातूरहून आली होती. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी घेऊन उभी राहिलेली बाई ती. तिला ना मॉल बघायचा होता, ना चौपाटी. डोंगरावरून पाणी पडताना बघायचे, एवढाच हट्ट. रविवारी निघालो आणि बॅरिकेडपाशी अडलो. बंदोबस्तावरचा हवालदार अदबीने म्हणाला, ‘‘आजी, पुढे सोडता येत नाही.’’ मावशीने विचारले, ‘‘मग कुठनं दिसंल?’’ याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते आणि माझ्यापाशीही.

हार्बर लोकलने आलेली कितीतरी कुटुंबे तिथे खोळंबली होती. एका बाईने रस्त्याकडेच्या ओल्या कट्ट्यावरच डबा उघडून मुलांना पोळीभाजीचे घास भरवले आणि त्यांना घेऊन ती स्टेशनकडे वळली. त्याच वेळी चारपाच पोरे बाजूच्या झुडपांतून वर सटकली. मला खरी काळजी या पोरांची वाटते. सांगितलेले ऐकणारी माणसे काही न बघता परततात आणि ही पोरे चोरवाटेने नेमकी ओढ्यात उतरतात. तिथे त्यांना हाक मारून मागे बोलवायलाही कुणी नसते.

साताऱ्याच्या कास पठारावर आपल्याच खात्याने यातून मार्ग काढला आहे. फुलांच्या हंगामात तिथे आधी नोंदणी होते, रोजच्या संख्येला मर्यादा असते, शुल्क घेतले जाते आणि आसपासच्या गावांच्या वन समित्या देखरेख करतात. इथे खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी आणि फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत. हा ओढा कधी फुगतो, हे तिथल्या माणसांइतके कुणाला ठाऊक असणार? तिथल्या तरुणांना मानधन देऊन नेमा. ओढ्यापासून दूर, उंचावर, भक्कम कठड्याचा एक ओटा बांधा. काचेचा पूल, सेल्फी पॉइंट यांतले काही नको. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी ओटाही बंद ठेवा आणि तसा फलक खारघर स्टेशनवरच लावा, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना रिक्षाचे पैसे घालून बॅरिकेडपर्यंत यावे लागणार नाही.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचे गोल्फचे मैदान होऊ शकले, तर एका ओट्याला जागा निघेलच.

आपण स्वतः नवी मुंबईचे आहात, हा परिसर आपल्या पायाखालचा आहे. ओढा कोरडा असताना, येत्या उन्हाळ्यातच, जागेची पाहणी करण्याचे आदेश द्यावेत आणि त्या वेळी पाड्यांवरच्या माणसांना सोबत घ्यावे, ही विनंती.

आपली,
खारघरची एक रहिवासी