जीभ कसली बघता, बोट बघा!

आमच्या भागातल्या एका बालवाडीनं गेल्या महिन्यात साडेचार वर्षांच्या एका मुलाला आठव्याच दिवशी घरी पाठवलं. हाक मारली तर तो वळत नव्हता. प्रार्थना सुरू झाली की कान झाकून टेबलाखाली जाऊन बसायचा. बालवाडीनं असं करणं बरोबर की चूक, हा वेगळ्या पत्रकाचा विषय आहे. आजचं पत्रक आहे ते दप्तर हातात देताना त्याच्या आईला विचारलेल्या प्रश्नाबद्दल: "एवढी वर्षं तुम्ही काय करत होतात?"

ती काय करत होती ते मी सांगते. ती विचारत होती. मुलगा दीड वर्षाचा असताना तिनं सासूबाईंना विचारलं. मग माहेरी विचारलं. बूस्टर द्यायला नेलं तिथं विचारलं, दवाखान्यात विचारलं, शेजारच्या निवृत्त शिक्षकांना विचारलं. सगळीकडे उत्तर एकच: "बोलेल की हळूहळू, घाई कसली?" दीड ते साडेचार म्हणजे छत्तीस महिने, 1095 दिवस. ज्यांनी तिला एवढे दिवस थांबवलं, तेच आज तिला थांबल्याबद्दल दोष देत आहेत.

मी 27 वर्षं अंगणवाडी चालवली. "बोलेल हळूहळू" हे वाक्य मी स्वतः कितीतरी आयांना ऐकवलं आहे, आणि त्यातल्या काहींचे चेहरे मला अजून आठवतात. दर महिन्याला मी पोरांना वजनकाट्यावर बसवलं, दंडाचा घेर मोजला, रजिस्टर भरलं. पण "बाळ बोट दाखवतं का?" हे मी एकाही आईला विचारलं नाही. कारण मला वाटायचं, बोलणं हे जिभेचं काम.

इथंच आपण सगळे फसतो. "जीभ जड आहे" म्हणून वेखंड घासतो, अक्कलकारा चाटवतो, पोपटानं उष्टावलेला पेरू शोधत फिरतो. सगळा गाव मुलाच्या तोंडाकडे बघत बसतो, आणि खुणा असतात त्याच्या बोटात आणि नजरेत, तेही पहिला शब्द यायच्या कितीतरी आधी.

आपल्या घरात बाळाला भरवताना आजी खिडकीशी उभी राहते. "तो बघ काऊ!" बाळ आधी आजीच्या बोटाकडे बघतं, मग बोटाच्या दिशेनं कावळ्याकडे, आणि मग वळून आजीच्या तोंडाकडे. तूही पाहिलास ना, असं विचारल्यासारखं. हे शेवटचं वळून बघणं फार मोठी गोष्ट आहे. दोन माणसांनी मिळून एक कावळा पाहणं, इथून बोलणं सुरू होतं. पुढे तेच बाळ स्वतः बोट दाखवतं. बिस्कीट हवंय म्हणून दाखवतं ते वेगळं. नुसतं "चांदोमामा बघ" म्हणून, काही नको असताना, तुम्हाला दाखवायचं म्हणून दाखवतं ते वेगळं. दीड वर्षाचं मूल हे दुसरं बोट दाखवत नसेल तर त्याच दिवशी विचारायला निघा.

बाकीच्या खुणा या: वर्षाचं झालेलं बाळ बडबडत नाही, टाटा करत नाही, नावानं हाक मारली तर वळत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द आपणहून जोडत नाही. हवी ती वस्तू मागायला तुमचं मनगट धरून तुमचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवतं, पण तोंडाकडे बघत नाही. खेळण्यातली गाडी चालवत नाही, उलटी करून तिचं चाकच फिरवत राहतं. बाहुलीला खोटं खोटं भरवत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आलेले शब्द गेले. "आधी बाबा म्हणायचा, आता म्हणत नाही." हे कोणत्याही वयात घडलं तरी एक दिवसही थांबू नका. त्यावर "दृष्ट लागली" म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून गप्प बसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

या खुणा ऑटिझमच्या असू शकतात, पण यातली एखादी खूण दिसली म्हणजे ऑटिझम आहेच असं नाही. ऐकू कमी येत असेल, म्हणून पहिल्यांदा कान तपासायचे. इथं घरातलं कोणीतरी हमखास सांगतं, "ऐकू येतं हो त्याला, कुकरच्या शिट्टीला कान झाकतो. मुद्दाम लक्ष देत नाही." अहो, शिट्टीला कान झाकतो आणि आईच्या हाकेला वळत नाही, हीच तर सांगण्यासारखी गोष्ट आहे! मूल लबाड आहे असं ठरवून तुम्ही ती दडवता.

आपण ऑटिझमला "स्वमग्नता" म्हणतो. या शब्दानंही घात केला आहे. आईला वाटतं, असं मूल कोपऱ्यात एकटं बसत असणार. माझं तर हसतं, कुशीत शिरतं, मग ते कसं असेल? असू शकतं. कुशीत शिरणाऱ्या मुलांनाही ऑटिझम असतो. मुलींना तर हमखास "लाजाळू आहे" म्हणून सोडून दिलं जातं.

आता मला दिली जाणारी उत्तरं.

"त्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." उशिरा बोलणारी मुलं असतात आणि त्यातली पुष्कळ पुढे छान बोलतात, हे मी मान्य करते. पण उशिरा बोलणारं साधं मूल शब्दांवाचून अडत नाही. ते बोट दाखवतं, खुणा करतं, पदर ओढतं, तुमच्या तोंडाकडे बघून हट्ट करतं. बाप तसा होता का, हे विचारलं की घर गप्प होतं. आणि समजा, तपासणीत काही निघालं नाही, तर काय गेलं? एक सकाळ. थांबलात आणि निघालं, तर काय गेलं, ते त्या आईला विचारा.

"आइन्स्टाइनही उशिरा बोलला." ज्या आईचं मूल हाकेला वळत नाही तिच्या तोंडावर हे फेकणं क्रूरपणा आहे. उशिरा बोललेल्यांतला एक जगाला माहीत आहे. मदतीवाचून राहिलेल्या हजारोंची नावं कोणी घेत नाही.

"मोबाईलमुळे होतं." मोबाईल काढून घ्या, जरूर घ्या, त्याच्यापायी मुलाशी बोलणं कमी होतं. पण मोबाईलनं ऑटिझम होत नाही. "आधी सहा महिने मोबाईल बंद करून बघू" ही थांबण्याचीच नवी सबब आहे.

"घरात एकच भाषा बोला, मराठी बंद करा." हा सल्ला सुशिक्षित घरांत फार चालतो. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही. पण या सल्ल्यानं घरातली आजी गप्प होते. तो काऊ आता कोण दाखवणार?

"लस दिल्यावर झालं." हे म्हणणारा 1998 चा इंग्लंडमधला शोधनिबंध 12 मुलांवर होता. 2010 मध्ये तो मागे घेतला गेला आणि तो लिहिणाऱ्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. गोवर मात्र अजूनही मुलं मारतो. डोस चुकवू नका.

"आईनं लक्ष दिलं नाही." याला मी उत्तर देणार नाही. थंड आईमुळे ऑटिझम होतो, हा जुना समज डॉक्टरांनी कधीच टाकून दिला. तुम्हीही टाका.

"शिक्का बसेल." शिक्का तर बसलाच आहे: लबाड, लाडावलेला, वेडा. तो तुम्हीच मारलात. आणि मदत सुरू करायला कुठल्याही शिक्क्याची वाट बघावी लागत नाही. ऑटिझम औषधानं जात नाही. घालवून देतो म्हणणाऱ्याच्या दारात पैसे ओतू नका. पण लहानपणी रोज योग्य रीतीनं खेळून, खुणा शिकवून, चित्रं दाखवून मुलाला मागता येतं, सांगता येतं. मागता आलं की डोकं आपटून रडणं कमी होतं.

ही चार-दोन घरांची गोष्ट नाही. देशातल्या पाच ठिकाणच्या 2 ते 9 वर्षांच्या मुलांची पाहणी 2018 साली छापून आली. त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवा होता. ऑटिझम, ऐकू कमी येणं, मिरगी, शिकण्यातल्या अडचणी असं सगळं धरून जवळपास दर आठ मुलांत एकाला काही ना काही होतं. तो हिशेब माझ्या चाळीस मुलांच्या अंगणवाडीला लावला तर पाच मुलं. मी 27 वर्षांत तपासायला किती पाठवली? सगळी मिळून तीन.

सोय नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या पथकानं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची आणि शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, असं ठरलं आहे. पालकांना विचारायचे वीस साधे हो-नाही प्रश्न जगभर वापरले जातात, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी. आणि आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर केव्हा असतो? 16 ते 24 महिन्यांत! म्हणजे ज्या वयात विचारायचं, नेमक्या त्याच वयात मूल आईच्या कडेवर आपल्यासमोर आलेलं असतं. डोस दिल्यावर तिला अर्धा तास बसवूनही ठेवतात. त्या अर्ध्या तासात वीस प्रश्न का विचारले जात नाहीत? मला याचं उत्तर हवं आहे, आणि ग्रामसभेत मी ते मागणार आहे.

तोवर आयांनो, हे पत्रक घडी करून माता-बाल संरक्षण कार्डात ठेवा. उद्या सकाळी खिडकीत कावळा आला की बोट दाखवा आणि मूल कुठं बघतं ते बघा. चार दिवस बघा. शंका आली तर तारीख घालून लिहून ठेवा, मोबाईलवर दोन मिनिटांचं चित्रण करा आणि घेऊन जा. "थांबा" म्हणाले, तर विचारा: "किती दिवस? आणि तोवर मी घरी काय करू?" कार्डावर लिहून द्या म्हणा. लिहून दिलं नाही, तर दुसरीकडे जा. सोबत कोणी नसेल तर मला सांगा, मी येते.