पोर्तुगालला कोणी नमवले?

१९७३ च्या जुलै महिन्यात पोर्तुगालचे पंतप्रधान मार्सेलो कायतानो सरकारी पाहुणे म्हणून लंडनला जावयाचे होते. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या मैत्रीचा तह १३७३ सालचा. त्याला सहाशे वर्षे झाली म्हणून मेजवान्यांची सिद्धता चालू होती. पाहुण्यांच्या आगमनाला आठवडाही उरला नव्हता. अशा वेळी, १० जुलै रोजी, लंडनच्या 'टाइम्स' दैनिकात एड्रियन हेस्टिंग्ज या कॅथलिक धर्मगुरूचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मोझांबिकमधील तेते शहराजवळच्या विरियामू आणि आसपासच्या वस्त्यांत १६ डिसेंबर १९७२ रोजी पोर्तुगीज कमांडो शिरले, गुप्त पोलिसांच्या साथीने त्यांनी गावकऱ्यांना गोळा केले आणि बायका, म्हातारी माणसे, अंगावरची पोरे यांच्यासह शेकडो जणांना ठार करून झोपड्या पेटवून दिल्या, असे त्यात म्हटले होते. मृतांपैकी अनेकांची नावेही दिली होती.

लिस्बनने उत्तर दिले की, असे गाव नकाशावर नाही. वसाहतीच्या नकाशात ज्या गावाला जागा मिळाली नाही त्या गावातली माणसे मेली तरी कशी, असा हा युक्तिवाद. एडवर्ड हीथ यांच्या सरकारने पाहुणचार रद्द केला नाही. विरोधी पक्षनेते हॅरॉल्ड विल्सन यांनी मात्र भेट रद्द करण्याची मागणी केली, आणि कायतानो लंडनच्या रस्त्यांवर निदर्शकांच्या घोषणा ऐकतच मेजवानीला गेले. हेच विल्सन १९६४ ते १९७० सत्तेवर असताना पोर्तुगाल 'नाटो'तही होता आणि ब्रिटनबरोबरच्या मुक्त व्यापार संघातही होता. तेव्हा या जुन्या मैत्रीला तडा गेला नव्हता. विरोधी बाकावर बसले की सदसद्विवेक जागा होतो, हा अनुभव काही एकट्या इंग्लंडचा नव्हे. पुढे इतिहासकार मुस्तफा धाडा यांनी वाचलेल्या लोकांकडून माहिती घेत, वस्तीवार नावे जुळवत, मृतांची संख्या ३८५ असल्याचे दाखवले.

ही हकीकत जगापुढे आली कशी, हे पाहण्यासारखे आहे. ती कोणत्याही सरकारने शोधून काढली नाही. तेतेच्या परिसरातील दोमिंगुश फेर्रांव या मोझांबिकी धर्मगुरूने आणि स्पेनमधील बुर्गोस येथील मिशनऱ्यांनी जखमींकडून, पळून आलेल्यांकडून नावे टिपली. तो अहवाल गुप्तपणे स्पेनला पोहोचला आणि तेथून हेस्टिंग्ज यांच्या हाती आला. त्याआधी मुकुंबुरा येथील हत्यांविषयी बोलले म्हणून दोघा स्पॅनिश मिशनऱ्यांना तुरुंगात टाकण्यात आले होते. 'व्हाइट फादर्स' या संघाने १९७१ सालीच, चर्चची वरिष्ठ मंडळी राजवटीची तळी उचलून धरतात म्हणून, मोझांबिक सोडले होते. मोठे बिशप बहुतांशी गप्प होते. लालझाल्या धुळीत पायी हिंडणारे साधे पाद्री बोलले. या बोलण्याची किंमत किती होती ते त्यांना ठाऊक होते.

पोर्तुगीज राजवटीचा बचाव एका शब्दच्छलावर उभा होता. १९५१ साली सालाझारने घटनेत दुरुस्ती करून 'वसाहती' हा शब्दच काढून टाकला आणि त्यांना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. १९५५ साली संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळताच त्याने साळसूदपणे कळवले की, आपल्याकडे परतंत्र प्रदेश मुळी नाहीतच. अंगोला म्हणजे पोर्तुगाल, मोझांबिक म्हणजे पोर्तुगाल. ही मखलाशी महाराष्ट्रातील आणि गोव्यातील वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही, कारण 'गोवा म्हणजे पोर्तुगाल' हे वाक्य त्यांनी संगिनींच्या टोकावर वाचलेले आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावला राममनोहर लोहियांनी ज्या सत्तेला आव्हान दिले, १९५५ साली नानासाहेब गोरे, मधु लिमये आदी सत्याग्रहींना जिने लांबलचक शिक्षा ठोठावल्या, ती हीच सत्ता. गोव्यात बंदोबस्तासाठी तिने आफ्रिकेतून सैनिक आणले होते; एका गुलामाच्या हाती बंदूक देऊन दुसऱ्या गुलामावर रोखण्याची ही रीत सर्वच साम्राज्यांची. गोवा मुक्त झाल्यावरही मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात खितपत होते, ते १९६९ साली सुटले.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १४ डिसेंबर १९६० रोजी वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव ८९ विरुद्ध शून्य मतांनी केला. नऊ राष्ट्रे तटस्थ राहिली आणि त्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम व पोर्तुगाल होते. दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालच्या ताब्यातील परतंत्र प्रदेशांची यादी जाहीर झाली. अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्याबरोबर गोव्याचे नावही त्या यादीत होते. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद स्थापन झाली, तिच्यातही गोव्याच्या संघटना सामील होत्या. बारदेशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांसा हे त्या परिषदेच्या उभारणीत होते आणि अखेरपर्यंत मोझांबिकशी बांधलेले राहिले; १९८६ साली समोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात त्यांचा अंत झाला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स भारताला माघार घेण्यास सांगत होते. भारताच्या बाजूने सोव्हिएत संघाबरोबर उभे राहिले ते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांना गोव्याच्या प्रश्नात आपला प्रश्न दिसत होता.

यानंतर ठरावांचा पाऊस पडला. १९६३ साली सुरक्षा समितीने पोर्तुगालला शस्त्रे देऊ नका असे राष्ट्रांना सांगितले. पण पोर्तुगाल 'नाटो'चा संस्थापक सदस्य होता आणि अझोर्स बेटांवरील लाजेसचा विमानतळ अमेरिकेला हवा होता. मार्च १९६१ मध्ये अंगोलाच्या प्रश्नावर केनेडींच्या सरकारने पोर्तुगालविरुद्ध मत दिले खरे, परंतु तळाच्या कराराची मुदत जवळ येऊ लागली तशी ती भाषा मवाळ होत गेली. १९७१ च्या डिसेंबरात निक्सन यांनी त्याच तळाच्या बदल्यात ४० कोटी डॉलरहून अधिक कर्जाचे आणि मदतीचे पॅकेज देऊ केले. पश्चिम जर्मनीने फियाट विमाने दिली ती 'नाटो'च्या संरक्षणासाठीच वापरावयाची या अटीवर. लिस्बनने सांगितले की आफ्रिका हाही पोर्तुगालच, म्हणून अट पाळलीच जात आहे. फ्रान्सची हेलिकॉप्टरे तर होतीच. खेड्यांवर नापाम पडत होता, आणि न्यूयॉर्कमध्ये तोंडदेखला खेद व्यक्त होत होता.

मग या दडपणाला काहीच अर्थ नव्हता काय? होता, परंतु तो सरकारांच्या दालनात शोधून सापडणार नाही. नेदरलँड्समधील अंगोला समितीने १९७२ साली साध्या गृहिणीला विचारले की, तुमच्या कपातली कॉफी कोणाच्या वेठबिगारीवर पिकली? त्या मोहिमेपुढे डच कॉफी व्यापाऱ्यांना अंगोलाची कॉफी घेणे थांबवावे लागले. झांबेझी नदीवरील काबोरा बासा धरणातून १९६९ साली स्वीडनची आसेया कंपनी बाहेर पडली, ती स्वीडिश तरुणांनी आणि लोकमताने तिला सळो की पळो करून सोडले म्हणून. अमेरिकेत कॅबिंडाचे तेल काढणाऱ्या गल्फ ऑइलविरुद्ध हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १९७२ साली विद्यापीठाची कचेरी ताब्यात घेतली. त्याच स्वीडनने १९६९ पासून गिनीतील मुक्तिसंघटनेला शाळा, औषधे, कापड यांसाठी उघड मदत दिली. पाश्चात्त्य सरकारांत हे धैर्य प्रथम तेथे दिसले. जागतिक चर्च परिषदेने १९७० साली मुक्तिसंघटनांना अनुदान दिले तेव्हा युरोपातील सनातनी मंडळी खवळून उठली. त्याच वर्षी १ जुलै रोजी पोप पॉल सहावे यांनी आमिल्कार काब्राल, आगोस्तिन्यो नेतो आणि मार्सेलिनो दुश सांतुश यांना भेट दिली, आणि ख्रिस्ती संस्कृतीचा पहारेकरी म्हणवणाऱ्या लिस्बनच्या राजवटीचा संताप अनावर झाला. डॉलरची मदत बंद झाली असती तर जी जखम झाली असती तिच्याहून ही जखम कदाचित खोल गेली.

या सर्वांच्या मुळाशी होते ते वसाहतींतील लोकांचे स्वतःचे बळ. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसावच्या पिजिगिती गोदीत वेतनवाढीसाठी संप करणाऱ्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, सुमारे पन्नास माणसे मेली. त्यानंतर काब्राल आणि त्यांचे सहकारी खेड्यांकडे वळले. १९७२ च्या एप्रिलमध्ये एक्वादोर, स्वीडन आणि ट्युनिशिया या तीन देशांचे प्रतिनिधी राष्ट्रसंघाच्या वतीने गिनीच्या मुक्त भागात पायी हिंडून आले आणि तेथे शाळा, दवाखाने, न्यायपंचायती चालतात हे त्यांनी पाहिले. पोर्तुगालचा 'प्रांत' त्यांना कोठे दिसला नाही. जानेवारी १९७३ मध्ये काब्राल यांचा खून झाला, तरी त्याच वर्षी २४ सप्टेंबरला गिनी-बिसावने स्वातंत्र्य जाहीर केले, आणि २ नोव्हेंबरला आमसभेने ९३ विरुद्ध ७ मतांनी त्या प्रजासत्ताकाच्या भूमीवरील पोर्तुगीज फौजेचे अस्तित्व बेकायदा ठरवले. आता ठरावाला जमिनीचा आधार होता. टांझानियाने आणि गिनी कोनाक्रीने आपल्या सरहद्दी उघड्या ठेवल्या आणि त्याबद्दल घाव सोसले, हेही विसरता येणार नाही. शस्त्रे मुख्यतः सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रांकडून आली. त्यांचे हेतू निर्मळ होते असे मानण्याचे कारण नाही, परंतु ज्यांनी आपली कोठारे पोर्तुगालसाठी उघडली होती त्यांना त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार नव्हता.

अखेरचा घाव पोर्तुगालच्या आतूनच बसला. अर्थसंकल्पाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग लष्करावर जात होता, हजारो तरुण सैन्यभरती चुकवून फ्रान्समध्ये मजुरी करत होते, आणि जिंकता न येणाऱ्या तीन युद्धांत झिजलेल्या कॅप्टनांनी २५ एप्रिल १९७४ रोजी राजवट उलथून टाकली. सुमारे दीड वर्षात साम्राज्य संपले: १९७४ च्या सप्टेंबरमध्ये गिनी-बिसावला मान्यता, १९७५ च्या २५ जूनला मोझांबिक आणि ११ नोव्हेंबरला अंगोला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत पोर्तुगालचे समाजवादी परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश आणि यशवंतराव चव्हाण यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्याने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्वही पोर्तुगालने मान्य केले. गोव्यातील सत्याग्रहाचा शेवटचा कागद अशा रीतीने आफ्रिकेतील लढ्याने मिळवून दिला.

मुक्तिसैनिकांचे हात सर्वत्र स्वच्छ होते असे नाही. मार्च १९६१ मध्ये उत्तर अंगोलात उठाव करणाऱ्यांनी गोऱ्या मळेवाल्यांच्या बायकापोरांना आणि दक्षिणेकडून आणलेल्या काळ्या मजुरांनाही कापले; पोर्तुगीजांनी उगवलेला सूड त्याच्या कित्येक पटींनी भीषण होता, तरी पहिल्या कृत्याचे त्यामुळे समर्थन होत नाही. गिनी-बिसावच्या नव्या सरकारने पोर्तुगीज फौजेतील आफ्रिकी सैनिकांना चौकशीवाचून गोळ्या घातल्या. ज्यांनी विरियामूबद्दल आवाज उठवला त्यांपैकी फार थोड्यांनी याबद्दल उठवला, आणि डाव्या चळवळीच्या खाती ही उधारी अद्याप मांडलेली आहे.

राष्ट्रसंघाने १९७३ च्या डिसेंबरात मोझांबिकमधील हत्याकांडांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. त्याला मोझांबिकमध्ये पाऊल टाकता आले नाही, त्याने बाहेर साक्षी घेतल्या आणि अहवाल येईतो लिस्बनमधील राजवट कोसळली होती. विरियामूबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांनी मापुतो येथे त्या कृत्याला अक्षम्य म्हटले आणि मृतांपुढे मान लववली. त्यांचे वडील ओर्लांदो द कोश्ता हे मडगावच्या घराण्यातले, जन्म मोझांबिकचा. इतिहासाने आपला निरोप देण्यासाठी माणूस बरा निवडला. फक्त त्याला पन्नास वर्षे लागली.

आफ्रिकेतील वसाहतींची यादी मात्र अजून कोरी झालेली नाही. पश्चिम सहारा हा स्पेनच्या ताब्यातील प्रदेश. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की, मोरोक्कोचे तेथील जुने संबंध लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या आड येत नाहीत. महिन्याच्या आत स्पेनने तो प्रदेश मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्या स्वाधीन करण्याचा करार केला. १९९१ पासून सार्वमताच्या नावाने राष्ट्रसंघाचे पथक तेथे बसून आहे, सार्वमत झालेले नाही, आणि अल्जेरियाच्या तिंदूफ भागातील छावण्यांत निर्वासितांच्या दोन पिढ्या जन्मल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरक्षा समितीने मोरोक्कोच्या स्वायत्ततेच्या योजनेलाच वाटाघाटीचा पाया मानले. शब्दच्छलाचे मूळ सालाझारच्या 'प्रांता'पासून फार दूर नाही.

भारताने १९८५ साली सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती. २००० साली ती काढून घेतली. मोरोक्को हा भारताला फॉस्फेट पुरवणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक आहे, आणि पश्चिम सहारातील बू क्रा ही फॉस्फेटची मोठी खाण मोरोक्कोच्या ताब्यात आहे. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहरावी जनतेच्या संमतीवाचून केलेले मोरोक्कोबरोबरचे व्यापारकरार रद्दबातल ठरवले. भारतीय शेतकऱ्याच्या खताच्या पोत्यात बू क्राचे फॉस्फेट किती येते, ते कोणत्या कंपन्या आणतात आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न समाजवादी खासदारांनी येत्या अधिवेशनात लेखी विचारावा, आणि बंदरांतील कामगार संघटनांनी तो व्यवस्थापनाला विचारावा.