दोन ‘के’चा हिशेब



परिचयातील एका घरी घडलेल्या प्रसंगाने या वेळचा विषय दिला आहे. चौथीतील नातवाला ‘माझे आजोबा’ या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहावयाच्या होत्या. आजोबांनी आयुष्याची चाळीस वर्षे एका पेढीची कीर्द-खतावणी सांभाळलेली. नातवाने विचारले, “आजोबा, तुमच्या कामाला इंग्रजीत काय म्हणतात?” आजोबा अभिमानाने म्हणाले, “बुककीपर,” आणि स्पेलिंगही त्यांनीच सांगितले. दुसऱ्या दिवशी वही परत आली ती त्याच शब्दाभोवती तांबडे वर्तुळ घेऊन. एक ‘के’ राहून गेला होता. नातू रडला, पण अधिक लागले ते आजोबांना. “जन्मभर जे काम केले, त्याचे नावही मला नीट लिहिता येत नाही,” एवढेच ते म्हणाले.

वास्तविक हा शब्द भल्याभल्यांना चकवतो. बी, मग दोन ओ, दोन के, दोन ई आणि शेवटी पी-ई-आर. तीन जोड्या एकीला लागून एक. मध्ये जोडरेघ न घालता लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीतील प्रचलित शब्दांत असा मान ‘बुककीपर’ व ‘बुककीपिंग’ या एकाच कुळाला आहे. ‘कमिटी’त एम, टी आणि ई अशा तीन जोड्या आहेत खऱ्या, परंतु पहिल्या दोन जोड्यांच्या मध्ये ‘आय’ येऊन बसतो. ‘बलून’ आणि ‘कॉफी’ यांत लागोपाठच्या जोड्या दोनच.

ही दुहेरी अक्षरे निष्कारण आलेली नाहीत. त्यांची तीन प्रमुख कारणे ध्यानात ठेवली, तर पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते.

पहिले कारण दोन शब्दांची भागीदारी. ‘बुक’चा शेवट के, ‘कीपर’चा आरंभ के, एकत्र येताना दोघांपैकी कोणीही आपले भांडवल काढून घेत नाही. ‘रूममेट’मधील दोन एम असेच, आणि ‘मिसस्पेल’ म्हणजे चुकीचे स्पेलिंग करणे, यातील दोन एसही असेच.

दुसरे कारण उच्चाराचे. व्यंजन दोनदा लिहिले की आधीचा स्वर बहुधा आखूड उच्चारला जातो. ‘डिनर’मध्ये दोन एन, एक काढला की ‘डायनर’, म्हणजे जेवणारा. व्यापाराच्या ‘प्लॅनिंग’मधला एक एन गळाला, तर उरते ‘प्लेनिंग’, म्हणजे सुताराचे रंधा मारणे!

तिसरे कारण लॅटिन भाषेतील संधीचे. ‘अकॉमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम असतात. मूळ उपसर्ग ‘ॲड’. पुढच्या सीच्या सहवासात त्याच्या डीचाही सी झाला. त्यामागून आलेल्या ‘कॉम’चा एम पुढील एमला भेटला. आपल्याकडे सत् आणि जन मिळून ‘सज्जन’ होतो, उत् आणि लास मिळून ‘उल्लास’ होतो, तोच हा न्याय. ‘अकाउंट’मधील दोन सी आणि ‘कमिशन’मधील दोन एम यांचे मूळही असेच.

अर्थात नियमांना अपवाद आहेत. ‘प्रॉफिट’मध्ये स्वर आखूड असूनही एफ एकच. ‘लॉस’ला मात्र दोन एस! नफा एकेरी आणि तोटा दुहेरी, असा इंग्रजीचा हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्याला मानवणारा नाही.

इंग्रजीत दुहेरी व्यंजन लिहिले जाते, पण बहुधा एकच ऐकू येते; म्हणूनच आपली मुले ते विसरतात. आपल्या भाषेत मात्र जोड उच्चारात स्पष्ट ऐकू येतो. कच्ची वही आणि पक्की वही यांतील ‘च्च’ आणि ‘क्क’ कोणाला शिकवावे लागत नाहीत. प्राकृतात तर अशा जोडाक्षरांची रेलचेल आहे. धर्माचे ‘धम्म’ झाले, कर्माचे ‘कम्म’ झाले, सर्वचे ‘सव्व’ झाले. जो संधिविचार लॅटिनमध्ये कठीण वाटतो, तो आपल्या आगमांच्या भाषेत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

या आजोबांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी होती. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या ख्रिस्ती साधूचा गणितावरील ग्रंथ छापला गेला. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत त्यात सविस्तर सांगितली आहे. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहावयाचा, एकदा नावे आणि एकदा जमा. एक नोंद राहिली की मेळ बसत नाही. ज्या विद्येचा आत्माच दुहेरी नोंद, तिच्या नावात अक्षरांच्याही जोड्या असाव्यात, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवण्यास फार सोयीचा.

हे ऐकून आजोबांची मुद्रा खुलली. त्यांनी नातवाला जवळ बसवले, जुन्या खतावणीचे पान उघडले आणि म्हणाले, “बाळ, हे बघ. एक बाजू लिहायची राहिली, तर रात्री उशिरापर्यंत चूक शोधत बसावे लागे. काल आपला एक ‘के’ नावे पडला, जमेला आलाच नाही.” नातू हसला आणि त्याने तो शब्द अचूक लिहून दाखविला.

चूक सापडणे ही नामुष्की नव्हे; न शोधता पान उलटणे ही खरी नामुष्की. आपले प्रतिक्रमण तरी दुसरे काय शिकवते? मूळ ‘दुष्कृत’ शब्दाचे प्राकृतात ‘दुक्कड’ झाले, आणि संवत्सरीला आपण एकमेकांना ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो. त्यातही दोन ‘क’ आहेत. मुलांच्या वहीत तांबडे वर्तुळ दिसले, तर रागावण्यापूर्वी हे दोन ‘क’ आठवावेत, आणि मग त्यांच्याबरोबर बसून राहिलेली नोंद पुरी करावी.