सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट



महिला गटाने घरगुती पदार्थ विकायला काढले की आधी नाव ठरतं, मग लेबल. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हे मात्र कुणी ठरवतच नाही. दिवाळीत एका स्टॉलवर फरसाणाच्या पाकिटावर ‘जैन’ छापलेलं होतं. विचारलं तर एक म्हणाली, “कांदा-लसूण नाही.” दुसरी म्हणाली, “बटाटाही नाही, कंदमूळ काहीच नाही.” तिसरी म्हणाली, “थांबा, विचारून सांगते.” तिघींत मला तिसरीच पटली. पण ज्यांना कंदमुळाचा त्याग आहे, त्यांनी कुणाच्या भरवशावर खायचं?

आमच्या बी.कॉम.च्या वेळी ‘ब्रँड’ शब्द एवढा नव्हता, ‘पत’ होता. ती कशी राखावी हे लिज्जतकडून शिकावं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. सुरुवातीला त्यांच्याकडे दोन प्रती होत्या, एक भारी, एक स्वस्त. छगनलाल पारेख म्हणजे छगनबाप्पांनी सांगितलं, एकच चांगली प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. माझ्या मते सगळी किल्ली इथेच आहे. दोन प्रती असल्या की दोन खुलासे आले. शिवाय पीठ केंद्रात मळायचं आणि बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचं, त्यामुळे कुठल्याही घरातला पापड चवीला तोच. (त्यांचा लसणाचा पापडही असतो, पाकीट वाचून घ्या.) देणगी घ्यायची नाही आणि काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण, हेही ठरलेलं. मग “गरीब बायकांना मदत म्हणून घ्या” असं कोण कशाला म्हणेल?

म्हणून पाठ केलेली वाक्यं नकोत. आपल्या गटात ‘जैन’ म्हणजे नेमकं काय, तेल कुठलं, किती दिवस टिकतं, पैसे कुणाला जातात, एवढं एका कागदावर उतरवा. तो कागद कढईपाशी उभी राहणारीने लिहावा, गोड बोलणारीने नव्हे. नवीन येणारीला स्टॉलवर बसवण्याआधी एक दिवस स्वयंपाकघरात घ्या. आणि जिन्नस बदलला तर त्याच दिवशी सगळ्यांना कळवा, जुनी लेबलं संपायची वाट बघू नका.