मातीची शाळा

इमारतीची पारख बहुधा बाहेरून केली जाते. भिंती उंच असल्या आणि रंग झळझळीत असला, की पाहणारा तिला उत्तम म्हणून मोकळा होतो. परंतु शाळेची इमारत रस्त्याने जाणाऱ्यांसाठी नसते. ती आत बसून शिकणाऱ्या मुलांसाठी असते. त्यांना उजेड, वारा व सावली मिळत नसेल, तर बाहेरच्या शोभेचा काय उपयोग? आणि जिच्या उभारणीत गावाचा हात लागला नाही, तिच्याविषयी गावाला आपलेपणा तरी कोठून वाटणार? आफ्रिकेतील एका लहानशा खेड्याने या प्रश्नांचे उत्तर स्वतःच्या कृतीने दिले आहे.

पश्चिम आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस बुर्किना फासो नावाचा देश आहे. तेथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्याही वर चढतो. या देशातील गांडो या गावी 1965 साली दिएबेदो फ्रान्सिस केरे यांचा जन्म झाला. ते गावच्या मुख्याचे थोरले चिरंजीव. परंतु गावात शाळाच नव्हती. म्हणून वयाच्या सातव्या वर्षी त्यांना घर सोडून तेंकोदोगो या शहरी जावे लागले. तेथील कोंदट वर्गात शंभरावर मुले दाटीवाटीने बसत आणि उकाड्याने हैराण होत. पुढे 1985 साली सुतारकाम शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळवून केरे जर्मनीस गेले आणि बर्लिन येथे वास्तुविद्येचा अभ्यास करू लागले. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच त्यांनी मित्रांच्या साहाय्याने पैसा जमविला व गांडो येथे शाळा बांधण्याचे मनावर घेतले.

शाळा मातीची होणार हे ऐकून गावकरी नाराज झाले. मातीच्या भिंती पावसात खचतात, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. त्यांना सिमेंटची इमारत हवी होती. त्यांची शंका रास्त होती, आणि केरे यांनी तिला बोलून नव्हे, तर बांधून उत्तर दिले. त्यांनी मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबून पक्क्या विटा पाडविल्या. पावसाचे पाणी भिंतींवर येऊ नये म्हणून पत्र्याचे छप्पर भिंतींच्या बरेच पुढे काढले. पत्रा उन्हाने तापतो व खालच्या खोलीची भट्टी करतो. म्हणून खोलीवर मातीच्या विटांचे सच्छिद्र छत घालून पत्रा त्याच्याही वर, मध्ये मोकळी जागा ठेवून बसविला. खोलीतील उष्ण हवा छिद्रांतून वर जाते आणि त्या मोकळ्या जागेतून खेळणारा वारा तिला बाहेर नेतो. छप्पर पेलणाऱ्या कैच्याही बारीक लोखंडी सळ्यांच्या केल्या. हातकरवत आणि जोडकामाचे लहानसे यंत्र यांवर गावच्या तरुणांना त्या करता आल्या.

या कामास सारे गाव लागले. मुलांनी पायासाठी दगड गोळा केले, स्त्रियांनी पाणी वाहिले व भुई चोपून काढली, पुरुष विटा पाडण्यास शिकले. 2001 साली शाळा उभी राहिली. बाहेरच्या ठेकेदाराने काही महिन्यांत तयार इमारत उभी करून दिली असती, तर श्रम वाचले असते, हे खरे. परंतु मग भिंतीला तडा गेला असता तेव्हा गाव त्या ठेकेदाराची वाट पाहत बसले असते. ज्याने भिंत बांधली, त्याला ती सावरताही येते. शाळेबरोबर गावाला ही विद्याही मिळाली.

यावर कोणी म्हणेल, की श्रीमंतांना सिमेंट आणि गरिबांना माती, हा कोठला न्याय? हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु सिमेंट म्हणजे प्रगती आणि माती म्हणजे दारिद्र्य हे समीकरणच खोटे आहे. गांडोच्या शाळेत लोखंड आहे, पत्रा आहे, सिमेंटही आहे. मात्र प्रत्येक वस्तू तिच्या गरजेपुरती आणि तिच्या जागी आहे. जुने म्हणून त्याला कवटाळले नाही आणि नवे म्हणून त्यापुढे मान तुकविली नाही. गरिबांना काहीही चालते, असे मानून बांधणे हाच खरा अन्याय होय. त्यांच्यासाठी बांधताना अधिक बुद्धी खर्च केली पाहिजे. कारण तेथे एक वीटही वाया घालविण्याजोगी नसते.

या शाळेस 2004 साली आगाखान वास्तुशिल्प पुरस्कार मिळाला. 2022 साली केरे यांना वास्तुकलेतील प्रित्झकर पारितोषिक लाभले. हा मान मिळविणारे ते पहिले आफ्रिकी होत. परंतु याहून बोलकी गोष्ट निराळीच आहे. आरंभी 120 मुलांची असलेली ही शाळा पुढे 700 मुलांपर्यंत वाढली. सुंदर इमारत एकटी कोणालाही विद्वान करीत नाही. त्यासाठी शिक्षक, पुस्तके आणि अभ्यास हवाच. पण ज्या शाळेत बसावेसे वाटते, तेथे मुले येतात. आणि जी शाळा गावाने बांधली, ती गाव राखते. दान घेणाऱ्याचा हात रिकामा न ठेवता त्याला कर्ता करते, तेच दान थोर होय.