प्रार्थनेचा चौथा अध्याय

तरुणांच्या प्रार्थनासभेला किती गर्दी झाली याची बातमी होते. सभा संपल्यावर ती गर्दी कुठे गेली, हे सहसा कुणी विचारत नाही. कॅथलिक तरुणांच्या प्रार्थना चळवळीबद्दल बोलताना आम्हाला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि नंदुरबार जिल्ह्यात तर तो विचारलाच पाहिजे.

या चळवळीचा उगम मुळातून पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठाचे पंचवीसेक विद्यार्थी शनिवार-रविवार प्रार्थनेसाठी एका साधनागृहात जमले. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचे पहिले चार अध्याय वाचून या, असे त्यांना आधीच सांगितले होते. शनिवारी रात्री वाढदिवसाचा छोटासा समारंभ ठरला होता. तो तसाच राहिला. एकेक जण आपसूक चॅपेलमध्ये जाऊन गुडघे टेकत गेला आणि कितीतरी वेळ कुणी उठले नाही. आपल्याला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला, अशी साक्ष त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे जन्मभर दिली. कॅथलिक चर्चमधील करिझ्मॅटिक चळवळीचा आरंभ याच दिवसांपासून मोजतात. रोमहून तसा कुणी आदेश काढला नव्हता. सुरुवात कॉलेजातल्या मुलामुलींनी केली.

पाच वर्षांत ही लाट मुंबईला लागली. १९७२ मध्ये मिनू इंजिनिअर हा पारशी तरुण अमेरिकेहून परतला आणि प्रार्थनागटांची ही रीत मुंबईत रुजू लागली. केरळमध्ये तिने विद्यार्थ्यांत मूळ धरले. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी केरळात भरलेल्या युवा मेळाव्याला ‘जीझस यूथ ८५’ असे नाव दिले गेले आणि तेच पुढे चळवळीचे नाव झाले. नोकरीसाठी आखातात आणि त्याही पलीकडे गेलेल्या मल्याळी तरुणांबरोबर ती देशोदेशी पोहोचली. मे २०१६ मध्ये व्हॅटिकनने तिला आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता दिली. धर्मगुरू सोबतीला असतात, पण चळवळ चालवतात ते प्रापंचिक तरुणच.

जीझस यूथ आपल्या जगण्याचे सहा आधारस्तंभ सांगते: प्रार्थना, देवशब्दाचे वाचन, संस्कार, सहवास, सुवार्ताप्रसार आणि गरिबांची बाजू. पहिले पाच कोणत्याही धर्मग्रामाच्या युवागटात कमीअधिक प्रमाणात दिसतात. गिटार असते, गाणी असतात, आराधना असते, साक्षी असतात. सहाव्यापाशी मात्र पावले अडखळतात. वर्षाकाठी एखाद्या अनाथाश्रमाला भेट, नाताळच्या सुमाराला जुने कपडे आणि खाऊवाटप, एवढ्यावर तो स्तंभ उभा आहे असे मानले जाते.

त्या विद्यार्थ्यांनी वाचलेले चार अध्याय आपणही एका बैठकीत वाचून पाहावेत. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरतो. सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद होतो, अग्नीच्या जिभा दिसतात, शिष्य परक्या भाषांत बोलू लागतात. प्रार्थनासभांतून हाच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला जातो. चौथा अध्याय संपता संपता मात्र जमिनीचा विषय निघतो. ज्यांच्या नावावर शेते आणि घरे होती त्यांनी ती विकली, पैसा प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवला आणि ज्याची जशी गरज तसे त्याला दिले गेले. त्यांच्यात गरजू असा कुणी राहिला नाही. बर्णबा हा पुढे मोठा झालेला प्रेषित आपल्याला पहिल्यांदा भेटतो तोच स्वतःचे शेत विकून आलेला माणूस म्हणून. दुसऱ्या अध्यायातला वारा खरा होता की नाही, हे चौथ्या अध्यायात कळते. आमचे सगळे म्हणणे एवढेच आहे.

नंदुरबारला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. शंभरातले जवळपास सत्तर लोक इथे आदिवासी आहेत. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात हा भाग येतो. बिशप थॉमस भालेराव हे त्याचे पहिले महागुरू. कॅथलिकांची संख्या इथे थोडी आहे. नवापूरकडे प्रोटेस्टंट मिशनचे काम जुने. पण तरुणांना प्रार्थनेभोवती गोळा करणारी चळवळ या मातीत चर्चच्या बाहेरही उभी राहिली आणि तीसुद्धा दोनदा.

पहिली तळोदा तालुक्यातल्या मोरवडची. १९३८ च्या सुमाराला तिथे गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. आंघोळ करून, स्वच्छ होऊन आरतीला यायचे, दारू सोडायची, चोरी करायची नाही, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणून नमस्कार करायचा. नियम इतके साधे होते. डोंगरातून हजारोंच्या संख्येने भिल्ल माणसे या आरतीला येऊ लागली. त्याच वर्षी महाराजांचा अंत झाला आणि बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले. इंग्रज सरकारने रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर काढले. नुसत्या आरतीचे सरकारला कसले भय? पण दारू सुटली की हातात चार पैसे राहतात, पैसे राहिले की सावकाराच्या दारी जाणे कमी होते, आणि सावकाराच्या दारी न जाणारा माणूस मान ताठ करून चालतो. सरकारला भय होते ते त्या ताठ मानेचे.

दुसरी शहाद्याची. अंबरसिंग महाराज सुरतवंती हे सर्वोदयाच्या मुशीतून आलेले भिल्ल कार्यकर्ते. त्यांनी गावोगाव भजनी मंडळे उभी केली. रात्री भजनाला बसलेली माणसे भजन संपल्यावर लगेच उठत नसत. कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली, सालदाराला धान्य किती मिळते, कुणाच्या लेकीसुनेवर हात टाकला गेला, याची बोलणी तिथेच होत. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबारात एक आदिवासी मारला गेला. त्यानंतर शहरांतून शिकलेली तरुण मंडळी इकडे आली. कुमार शिराळकर त्यांतलेच. ३० जानेवारी १९७२ रोजी भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. वाहरू सोनवणे यांच्यासारखे इथले आदिवासी तरुण तिच्यात घडले. आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. भजनी मंडळांतून सुरू झालेली वाट सातबाऱ्यापर्यंत पोहोचली.

मोरवडच्या आणि शहाद्याच्या माणसांनी ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचली नव्हती. तरी ती चौथ्या अध्यायापर्यंत गेली. ज्यांच्या हातात ते पुस्तकच आहे, त्यांच्याकडून याहून कमी अपेक्षा कशी करावी?

आजचा प्रश्न डोळ्यांसमोर आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा ऊसतोडीचा मुकादम आगाऊ उचल देतो. दिवाळी झाली की जोडपी कोयता घेऊन गुजरातेतल्या उसाच्या पट्ट्यात जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. लहान पोरे सोबत असतात आणि मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या झोपड्यांचा पडाव पडतो. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. हंगाम संपला तरी तो फिटतोच असे नाही. या महिन्यांत गावातली तरुण मुले-मुली रविवारच्या प्रार्थनेला दिसत नाहीत, कारण ती पडावावर असतात. युवागटाच्या हजेरीत त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहिले जाते. आमच्या मते गैरहजर असतो तो युवागट.

नंदुरबारच्या कॅथलिक तरुणांनी प्रार्थना घेऊन या पडावावर जावे. तिथे स्तोत्र गावे, आजाऱ्याच्या उशाशी बसावे आणि मग वही-पेन काढून प्रत्येक कोयत्याची उचल, तोडलेले टन आणि कापून घेतलेले पैसे लिहून ठेवावेत. दोन प्रती कराव्यात, एक मजुराकडे द्यावी. दिवाळीआधी गावात बसून कोणती मुले मागे ठेवता येतील, कुणाच्या आजी-आजोबांकडे राहतील, कुणाला आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात जागा मिळेल, याची यादी करावी. वनहक्काचे दावे अडले असतील तर कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढाव्यात. यासाठी पैसा लागत नाही. लिहिता-वाचता येणारे, वेळेला हजर राहणारे आणि घाबरून न जाणारे दहाबारा तरुण लागतात, आणि प्रार्थनागट नेमके असेच तरुण घडवतो असा त्याचा दावा आहे.

इथे एक आक्षेप येणार, आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. आदिवासी भागात ख्रिस्ती तरुण सेवेला गेले की धर्मांतराचा संशय घेतला जातो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि सांगण्याचा अधिकार दिला आहे आणि तो कुणापुढे हात जोडून मागायचा नसतो. मात्र उपाशी माणसाच्या ताटाला अट जोडणे हा त्या ताटाचा आणि प्रार्थनेचाही अपमान आहे. म्हणून हिशेबाची वही उघडताना समोरचा ख्रिस्ती आहे, गुलाम महाराजांच्या आप धर्माचा आहे की आदिवासींच्या याहामोगी मातेला मानणारा आहे, हे विचारू नये. काम चारचौघांत करावे, ग्रामपंचायतीला सांगून करावे, इतर संघटनांच्या तरुणांना सोबत घेऊन करावे. संशयाला वक्तव्यापेक्षा अशी वर्तणूक लवकर उत्तर देते.

धर्मगुरूंनाही आमचे सांगणे आहे. तरुणांना केवळ गाण्याचा ताफा म्हणून वापरू नका. वार्षिक शिबिराच्या कार्यक्रमात एक दिवस मोरवडसाठी आणि एक शहाद्यासाठी ठेवा. ज्यांनी त्या चळवळी पाहिल्या, त्यांच्या घरातली माणसे अजून बोलतात. त्यांना बोलवा आणि मुलांना ऐकू द्या. आपल्या आज्यापणज्यांनी प्रार्थनेच्या बळावर दारूचे दुकान आणि सावकाराची वही यांना तोंड दिले, हे कळले की इथल्या मुलाला श्रद्धा परकी वाटणार नाही आणि गरिबी नशिबाची वाटणार नाही.

येत्या दिवाळीला पहिला कोयता गाव सोडेल, त्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक युवागटाने ही यादी आणि ही वही तयार ठेवावी. नंदुरबारमध्ये कॅथलिक तरुणांची प्रार्थना चळवळ आहे की नाही, याचा पुरावा तीच वही देईल.