तालोसाची गादी आणि तिची मुदत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी विस्कॉन्सिन संस्थानात मिलवॉकी म्हणून एक मोठे शहर आहे. त्या शहरी २६ डिसेंबर १९७९ रोजी रॉबर्ट मॅडिसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाने आपली निजावयाची खोली हे एक स्वतंत्र राज्य असल्याचे जाहीर केले आणि स्वतःस त्या राज्याचा राजा म्हणवून घेतले. राज्याचे नाव ठेवले तालोसा. फिनिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'घरामध्ये' असा होतो. पुढील वर्षी त्याने या राज्याकरिता एक स्वतंत्र भाषाही रचावयास घेतली. असले खेळ मुले खेळतातच, आणि शाळेची पुढची परीक्षा जवळ आली की बहुधा ते विसरूनही जातात. परंतु हे राज्य विसरले गेले नाही. त्यास इष्टमित्र मिळाले, लेखी राज्यघटना मिळाली, दोन सभागृहांचे विधिमंडळ मिळाले, राजकीय पक्ष मिळाले, आणि ज्या रोगावाचून कोणत्याही राज्यास राज्यपण येत नाही तो दुफळीचा रोगही यथावकाश जडला. या राज्यात राजपदाच्या सुधारणेचा जो वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे, त्याविषयी आम्ही आज चार शब्द लिहिणार आहोत.

वाचकांपैकी कित्येकांस येथेच हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे, आमची हरकत नाही. या राज्यास जगातील एकाही सरकारने मान्यता दिलेली नाही. मिलवॉकी शहराचा काही भाग, फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळचे सेझांब्र नावाचे एक लहानसे बेट आणि दक्षिण ध्रुवाकडील बर्फाचा एक पट्टा एवढा मुलूख ते आपला म्हणून सांगते. पण त्या मुलखातून जाणाऱ्या-येणाऱ्यास आपण कोणाच्या राज्यातून चाललो आहोत याची खबरही नसते. तथापि नेमक्या याच कारणास्तव हे उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते. मोठ्या राज्यात राजपदाचा प्रश्न फौजेत, खजिन्यात, जहागिरीत आणि धर्मात इतका गुरफटलेला असतो की, लोक राजास भिऊन गप्प आहेत, त्याचे अन्न खातात म्हणून गप्प आहेत, की त्याच्यावर त्यांची खरोखरच निष्ठा आहे, याचा उलगडा होत नाही. तालोसाच्या राजापाशी एक शिपाई नाही आणि त्याच्या खजिन्यावर कोणाचे पोट अवलंबून नाही. तरीही या गादीपायी माणसे एकमेकांपासून तुटली आणि आठ वर्षे तुटलेली राहिली. भय आणि लोभ ही दोन्ही चाळून टाकल्यावर चाळणीत जे उरते तोच राजपदाचा खरा प्रश्न होय: राज्य हे ज्याने स्थापिले त्याचे, की त्यात नांदणाऱ्यांचे?

झाले ते असे. पहिली कित्येक वर्षे तालोसा म्हणजे मिलवॉकीतील ओळखीपाळखीच्या मंडळींचा एक मेळा होता. १९९०च्या दशकाच्या मध्यास इंटरनेटवर त्याची माहिती प्रसिद्ध होऊ लागली आणि ज्यांनी मिलवॉकी कधी डोळ्यांनी पाहिले नाही असे दूरदूरचे लोक नागरिकत्व मागावयास आले. येथेच गाडीचे चाक रुतले. जुन्या मंडळींस संस्थापक हा मित्र होता. नव्यांस तो घटनेने बांधलेला एक अधिकारी होता. मित्राचा लहरीपणा मनुष्य सोसतो. अधिकाऱ्याचा त्याने का सोसावा? राजा आणि नागरिक यांचे बेबनाव वाढत गेले. अखेर १ जून २००४ रोजी कित्येक नागरिकांनी राज्याचा त्याग करून तालोसाचे निराळे प्रजासत्ताक पुकारले. पुढील वर्षी संस्थापक राजाने राजत्याग केला. २००७ साली राज्याच्या विधिमंडळाने आपल्या एका नागरिकास निवडून जॉन पहिले या नावाने गादीवर बसविले, आणि २०१२ साली प्रजासत्ताकवाले परत येऊन दोन्ही घरे पुन्हा एक झाली. तेव्हापासून राजा असावा की नसावा, असावा तर किती अधिकाराचा आणि किती काळाचा, हा वाद घराबाहेरचा न राहता घरातला झाला. आमच्या मते या राज्याच्या इतिहासातील अत्यंत शहाणपणाची गोष्ट हीच होय. राजपक्षीयांनी शत्रूंस आत घेतले आणि लोकसत्तावाद्यांनी राजाच्या छत्राखाली बसून राजाविरुद्ध बोलण्याचे पत्करले. दोघांनाही यात कमीपणा वाटला असेल. परंतु एवढा कमीपणा सोसण्याची तयारी नसेल तर राजकीय पक्ष काढण्याच्या भरीस कोणी पडूच नये.

पक्षांविषयी आपल्याकडील सुशिक्षितांत एक नाक मुरडण्याची रीत आहे. पक्ष म्हणजे तट, तट म्हणजे भांडण, आणि भांडण म्हणजे कार्यनाश, अशी ही साखळी असते. एवढ्याशा राज्यास पक्ष हवेत कशाला, असे ते विचारतील. तालोसाच्या कनिष्ठ सभागृहास, म्हणजे कोसास, २०० जागा आहेत. मते देणारी माणसे बहुधा त्याहून कमी भरतात! प्रत्येक पक्षास मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात आणि पक्षाची माणसे थोडी असल्यामुळे एकेका माणसाच्या हाती अनेक जागा असतात. वरिष्ठ सभागृहात आठ प्रांतांचा एकेक प्रतिनिधी बसतो. हा सारा थाट हास्यास्पद आहे असे ज्यांस वाटते त्यांनी ज्या लहान राज्यांत पक्ष नाहीत त्यांची गत काय झाली ती पाहावी.

इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून काही मैलांवर समुद्रात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा तोफांचा एक मनोरा उभा आहे. रॉय बेट्स या गृहस्थाने २ सप्टेंबर १९६७ रोजी त्यावर सीलंड नावाचे राज्य पुकारले आणि गादी आपल्या घराण्यात ठेवली. तेथे पक्ष नव्हते, निवडणूक नव्हती. म्हणून १९७८ साली जेव्हा आखेनबाख नामक एक जर्मन मनुष्य, जो स्वतःस तेथील मुख्य प्रधान म्हणवीत असे, राजाशी वाकडा झाला, तेव्हा त्याचा विरोध ठरावाच्या रूपाने आला नाही. भाडोत्री माणसे मनोऱ्यावर उतरली आणि राजाच्या मुलास त्यांनी कैद केले. बेट्सने हेलिकॉप्टरने जाऊन मनोरा परत जिंकला, एका जर्मन वकिलास राजद्रोहाबद्दल अडकवून ठेवले, आणि त्याच्या सुटकेकरिता जर्मनीच्या वकिलातीतील अधिकाऱ्यास तेथवर यावे लागले. ज्या घरात विरोधकास बसावयास पाट नाही त्या घरात तो खिडकीतून शिरतो, मग घर मनोऱ्याएवढे का असेना.

दुसरे उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातील हट रिव्हरचे. गहू किती विकावा यावर सरकारने घातलेल्या मर्यादेस कंटाळून लेनर्ड कॅसली या शेतकऱ्याने १९७० साली आपली सुमारे ७५ चौरस किलोमीटर जमीन स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. या राज्यास तिकिटे होती, नाणी होती, पाहुण्यांची गर्दी होती. परंतु राज्य म्हणजे एका कुटुंबाची शेती, यापलीकडे ते गेले नाही. २०१७ साली, वयाच्या ९१व्या वर्षी, कॅसलीने गादी मुलाकडे दिली. त्याच वर्षी न्यायालयाने थकलेल्या करापोटी या कुटुंबावर सुमारे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा बोजा कायम केला, आणि २०२०च्या ऑगस्टात राज्य बंद झाले. कुटुंबाची मत्ता आणि राज्य ही एकच वस्तू असल्यावर एकीस जप्ती लागताच दुसरी वाचणार कशी? तालोसापाशी जप्त करण्यासारखे काही नाही हे खरे. तरी संस्थापकाने राजत्याग केल्यावरही ते राज्य जगले याचे कारण दारिद्र्य नव्हे. तोपर्यंत तेथे राजाहून निराळे असे काहीतरी, म्हणजे घटना, सभा आणि पक्ष, उभे राहिले होते. हे आम्ही लिहितो तेव्हा आपल्याकडील ज्या वाचनालयांत, शिक्षणसंस्थांत आणि जातिसभांत तहहयात अध्यक्षांच्या तसबिरी टांगलेल्या आहेत त्या वाचकांच्या डोळ्यांपुढे आल्या तर आमचा नाइलाज आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. तालोसात विधेयकांची एक मासिक यादी निघते. सभासद तिच्यावर मते देतात, आणि दरवेळी कोसाच्या सभासदांस आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: विद्यमान मंत्रिमंडळावर तुमचा विश्वास आहे की नाही? जगातील मोठमोठ्या लोकसत्ताक राष्ट्रांतही मुख्य प्रधानास इतक्या वेळा कसोटीस लावीत नाहीत. उलटपक्षी, २००७ साली जॉन यांस जी गादी दिली गेली तीस मुदत नव्हती. म्हणजे ज्याच्याकडे रोजचा कारभार त्यास महिन्याच्या महिन्यास विश्वास मागावा लागावा, आणि ज्याच्या सहीवाचून कारभाराचे घोडे अडू शकते त्यास तो प्रश्न विचारण्याची तिथीच पंचांगात नसावी! राजा वाईट होता असा आमचा मुळीच आरोप नाही. राजा चांगला की वाईट यावर ज्या घटनेची भिस्त असेल ती घटना नव्हे, तो नवस होय.

राजपक्षीयांचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा की, राजा पक्षांच्या वर असतो आणि पक्षांच्या झटापटीत कोणीतरी तटस्थ असावा लागतो. हे तत्त्व ठीक आहे. पण जेथे एक पक्ष राजा राहावा म्हणून आणि दुसरा तो जावा म्हणून उभा आहे, तेथे राजा पक्षातीत राहील कसा? वादाचा विषयच जो, त्यास पंच नेमण्याचा हा प्रकार आहे. दुसरा मुद्दा परंपरेचा. १९७९ पासूनची परंपरा ही जुनी म्हणावी की नवी हे आम्ही ठरवीत नाही. मात्र त्या परंपरेत २००७ साली राजा निवडून दिल्याचीही नोंद आहे हे विसरू नये. तिसरा मुद्दा अधिक विचारार्ह आहे. मुलूख नाही, कर नाही, सैन्य नाही अशा राज्यात गादी, भाषा, झेंडा आणि समारंभ हीच काय ती मालमत्ता. ती काढून घेतली तर हे राज्य न राहता पत्रव्यवहार करणाऱ्यांचे एक मंडळ होईल. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच लोकसत्तावाद्यांनी एका बहुमताच्या बळावर गादी मोडून काढण्याची घाई करावी असे आम्ही म्हणणार नाही. २०१२ साली जे परत आले ते गादी असलेल्या घरात परत आले. गादीवर प्रेम असणारी माणसेही त्याच घरात राहतात. अशा बहुमताने फार तर २००४ची पुनरावृत्ती होईल, फक्त बाहेर पडणारे या खेपेस दुसरे असतील.

मग मार्ग कोणता? तो इटलीतील सेबोर्गा नावाच्या खेड्याने दाखविला आहे. फ्रान्सच्या सरहद्दीजवळ, लिगुरिया प्रांतात, जेमतेम ३०० वस्तीचे हे गाव. १७२९ साली सव्हॉयच्या राजघराण्याने गावाची खरेदी केली, पण ती कायदेशीर नोंदली गेली नाही, सबब आम्ही कोणाचेच अंकित नाही, असे तेथील एक फुलबागवाले जॉर्जो कार्बोने यांनी मांडले; १९६३ साली गावाने त्यांस राजपुत्र म्हणून निवडले. इटालियन सरकारने हा दावा मानलेला नाही आणि गावात इटलीचा कायदेशीर नगराध्यक्ष आपले काम करीतच असतो. कार्बोने २००९ साली वारले. त्यानंतर गावकऱ्यांनी गादी त्यांच्या घराण्यास न देता निवडणूक घेतली, आणि राजपुत्रपदाची मुदत सात वर्षांची धरली. २०१० साली मार्चेल्लो मेनेगात्तो निवडून आले. २०१९ साली त्यांनी पद सोडल्यावर निवडणुकीत नीना मेनेगात्तो आणि कार्बोने यांची कन्या अशा दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. कन्या हरली. बापाच्या गादीकरिता मुलीने गावकऱ्यांपुढे मत मागावे आणि न मिळाल्यास घरी जावे, ही गोष्ट ज्या खेड्यात शांतपणे घडू शकते, त्या खेड्यात गादी आणि लोकसत्ता यांचे वैर नाही हे उघड आहे.

तेव्हा तालोसाच्या दोन्ही पक्षांनी पुढील गोष्टींवर एकमत करावे असे आम्ही सुचवितो. राजा असावा, परंतु त्याची मुदत घटनेत आकड्याने लिहिलेली असावी. सात वर्षे असोत की दहा, आकडा असावा. निवड नागरिकांच्या प्रत्यक्ष मताने व्हावी. विधेयकावर सही करावयाची किंवा कारण देऊन परत पाठवावयाचे, याचे दिवस ठरलेले असावेत, आणि ते टळल्यास विधेयक सहीवाचून कायदा समजले जावे. कारण एवढ्याशा राज्यात जुलमापेक्षा गैरहजेरीचेच भय अधिक. लोकसत्तावाद्यांस गादीस विरोध करण्याचा हक्क राहीलच, पण दर मुदतीअखेर त्यांस आपला उमेदवार उभा करता येईल. त्याने निवडून येऊन मुकुट पेटीत बंद करून ठेवावा, आमची ना नाही. अशा दुरुस्तीस साध्या बहुमताने भागत नाही, दोन्ही बाजूंची मते लागतात; तेव्हा ती गादीवर कोण बसले आहे यावरून भांडण पेटलेले नसताना, शांततेच्या दिवसांतच करून घ्यावी.

मुदत संपल्यावर त्याच राजास पुन्हा उभे राहावयाचे असेल तर मज्जाव नसावा. सेबोर्गात मार्चेल्लो २०१७ साली दुसऱ्यांदा निवडून आले होते, आणि त्यामुळे त्यांचा मान कमी झाल्याचे ऐकिवात नाही. राजास मत मागावयास लावणे हा राजाचा अपमान होय असे ज्या राजपक्षीयांस वाटते, त्यांनी त्यांच्याच राज्याचा मुख्य प्रधान हा अपमान वर्षानुवर्षे, दर महिन्यास, कसा सोसत आला, याचा एकदा खुलासा करावा.